सन १८१३ ची सनद व इंग्लंडांतील इव्हँजेलिकल पक्ष

१

इंग्रजी अमदानीच्या आरंभींच्या काळाविषयीं आपल्याकडे जें लेखन झालें आहे, त्यांत कंपनी सरकार व मिशनरी हे एकाच माळेचे मणी होते असें गृहीत धरण्याची चाल आहे. एकानें राज्य घ्यावें व दुसऱ्यानें धर्म बुडवावा, अशी उभयतांची वांटणी आधींच ठरलेली होती, असा या समजाचा मथितार्थ. हा समज अगदींच निराधार आहे असें नव्हे. परंतु ज्या रूपानें तो रूढ झाला आहे, त्या रूपानें तो अस्सल कागदांपुढें टिकत नाहीं. सन १८१३ पर्यंत परवान्यावांचून आलेल्या मिशनऱ्यास आपल्या मुलखांतून निघून जाण्याचा हुकूम सोडणारें सरकार कंपनीचेंच होतें. त्या सालीं जो बदल घडला, तोहि कंपनीनें आपण होऊन केला नाहीं. तिच्या बहुसंख्य कारभाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध इंग्लंडांतील एका धार्मिक पक्षानें तो पार्लमेंटाकडून करवून घेतला. हा पक्ष कोणता, त्यानें राज्यकारभारांत हात कसा घातला, त्याच्या पदरांत काय पडलें व काय पडलें नाहीं, आणि मुंबई इलाख्यांत त्याचे परिणाम कसे उमटले, याचा सालवार विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

२

प्रथम 'इव्हँजेलिकल' या नांवाचा अर्थ पाहिला पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यास जॉन वेस्ली, जॉर्ज व्हाइटफील्ड इत्यादि उपदेशकांनीं इंग्लंडांतील प्रॉटेस्टंट समाजांत मोठी धर्मजागृति केली. बायबल हेंच अंतिम प्रमाण, ख्रिस्ताच्या बलिदानावरील वैयक्तिक श्रद्धा हाच मोक्षाचा मार्ग, अंतःकरण पालटल्यावांचून नुसता बाह्य आचार व्यर्थ, आणि ही शुभवार्ता इतरांस सांगणें हें प्रत्येक श्रद्धावानाचें कर्तव्य, हीं त्यांच्या मताचीं मुख्य अंगें होत. वेस्लीचे अनुयायी कालांतरानें राजमान्य चर्चपासून वेगळे झाले. परंतु चर्चमध्येंच राहून हें मत पाळणारा एक वजनदार वर्गहि निर्माण झाला. बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट इत्यादि चर्चबाहेरील पंथांत, ज्यांस तिकडे 'डिसेंटर' म्हणत, हीच जागृति पसरली. पुढील हकीकत समजण्यास हे दोन गट वेगवेगळे ध्यानांत ठेविले पाहिजेत. कारण पार्लमेंटांतील खुर्च्या पहिल्या गटाकडे होत्या आणि गांवोगांवचें संख्याबळ बहुतांशीं दुसऱ्याकडे होतें.

पहिल्या गटाचें ठाणें म्हणजे लंडनच्या दक्षिणेस असलेलें क्लॅपम हें गांव. तेथील रेक्टर जॉन व्हेन, सावकार व पार्लमेंटाचा सभासद हेन्री थॉर्नटन, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणारा विल्यम विल्बरफोर्स, सिएरा लिओनचा माजी गव्हर्नर झॅकरी मॅकॉले, कायदेपंडित जेम्स स्टीफन, हिंदुस्थानचा माजी गव्हर्नर-जनरल सर जॉन शोअर ऊर्फ लॉर्ड टेनमाउथ, आणि कंपनीचा डायरेक्टर चार्लस ग्रँट, ही या मंडळींतील ठळक माणसें. सभासदांच्या भाषेंत त्यांस थट्टेनें 'संत' म्हणत. आजच्या अर्थानें तो राजकीय पक्ष नव्हता. एका प्रधानाच्या पाठीशीं सदैव उभें राहण्याचें बंधन त्यांच्यावर नव्हतें, आणि मतांसाठीं प्रधानांस त्यांचें मन राखावें लागे तें याच कारणामुळें. त्यांनीं १७९९ सालीं चर्च मिशनरी सोसायटी काढली, १८०२ सालीं 'ख्रिश्चन ऑब्झर्व्हर' हें मासिक सुरू केलें, १८०४ सालीं बायबल सोसायटीच्या स्थापनेंत भाग घेऊन शोअर यास तिचें अध्यक्षपद दिलें. आणि १८०७ सालीं गुलामांच्या व्यापाराची बंदी पार्लमेंटाकडून मंजूर करवून घेतली. सभा, पुस्तपत्रें, वर्गणी व सह्यांचे अर्ज यांच्या जोरावर पार्लमेंटास वळविण्याची विद्या ते या लढ्यांत शिकले. हिंदुस्थानच्या प्रकरणांत त्यांनीं वापरलें तें हेंच शस्त्र.

३

या मंडळींस हिंदुस्थानची दिशा दाखविणारा पुरुष चार्लस ग्रँट होय. याचा जन्म १७४६ सालचा, स्कॉटलंडांतील. त्याचा बाप स्टुअर्ट घराण्याच्या बाजूनें कलोडनच्या लढाईंत लढला होता. ग्रँट १७६८ च्या सुमारास बंगालमध्यें आला. १७७० च्या भयंकर दुष्काळांत तो तेथेंच होता. पुढें १७७६ सालीं देवीच्या साथींत त्याच्या दोन लहान मुली दगावल्या. त्या आघातानें तो धर्माकडे वळला व अखेरपर्यंत तसाच राहिला. माळदा येथें त्यानें कंपनीच्या व्यापाराचा रेसिडेंट म्हणून काम केलें, आणि १७८७ सालीं डेव्हिड ब्राउन, विल्यम चेंबर्स व जॉर्ज उडनी यांच्या सहकार्यानें बंगाल व बिहार प्रांतांत प्रॉटेस्टंट मिशन स्थापण्याची एक योजना तयार करून ती इंग्लंडांत पाठविली. सरकारनेंच मिशन चालवावें, अशी त्या वेळीं त्याची अपेक्षा होती. ती फळास आली नाहीं.

सन १७९० मध्यें ग्रँट स्वदेशीं परतला, आणि १७९२ सालीं त्यानें 'ग्रेट ब्रिटनच्या आशियांतील प्रजेच्या समाजस्थितीविषयीं निरीक्षणें' या आशयाचा एक मोठा प्रबंध लिहिला. हिंदुस्थानांतील समाज नीतीनें खालावलेला आहे, त्याचें मूळ त्याच्या धर्मांत आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे इंग्रजी भाषा, यूरोपीय विद्या व ख्रिस्ती धर्म, असा त्याचा सिद्धांत आहे. या प्रबंधाचा इतिहास लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तो १७९७ सालीं डायरेक्टरांपुढें ठेवला गेला आणि १८१३ सालीं कॉमन्स सभेच्या हुकुमानें छापला गेला. म्हणजे जो कागद प्रथम एका गृहस्थाचें मत म्हणून हस्तलिखित रूपानें फिरत होता, तोच वीस वर्षांनीं सरकारी दप्तराचा भाग बनला. आज तो वाचणारास छापील प्रतीवरील १८१३ हें साल दिसतें. त्यांतील निरीक्षण मात्र १७९० पूर्वींच्या बंगालचें आहे.

४

कंपनीची सनद वीस वीस वर्षांनीं नवी करून घ्यावी लागे. सन १७९३ मध्यें तशी वेळ येतांच विल्बरफोर्सनें कॉमन्स सभेंत ठराव आणला कीं, हिंदुस्थानांतील प्रजेची धार्मिक व नैतिक सुधारणा करणें हें ब्रिटिश राष्ट्राचें कर्तव्य आहे. मे महिन्यांत हा ठराव मंजूर झाला. त्यास धरून धर्मोपदेशक व शाळामास्तर पाठविण्याचीं कलमें बिलांत घालण्याचा प्रयत्न होतांच मात्र कंपनीचे डायरेक्टर व भागीदार जागे झाले. त्यांनीं जोराचा विरोध केला, आणि शेवटच्या वाचनाच्या वेळीं तीं कलमें गळलीं. उदात्त ठराव कागदावर राहिला. अंमल कंपनीच्या मर्जीवर राहिला.

या पराभवापासून ग्रँटनें धडा घेतला. सन १७९४ मध्यें तो स्वतः डायरेक्टर झाला, १८०२ सालीं पार्लमेंटांत शिरला, आणि १८०५ सालीं कोर्टाच्या चेअरमनच्या जागेवर चढला. मिशनरी पाठविण्याची वाट बंद होती. तथापि कंपनीच्या गोऱ्या नोकरांसाठीं पाद्री नेमण्याचा अधिकार डायरेक्टरांकडे होताच. केंब्रिज येथील चार्लस सिमियन याच्या शिफारशीनें क्लॉडियस ब्यूकॅनन, हेन्री मार्टिन इत्यादि आपल्या मताचीं माणसें ग्रँटनें या दारानें हिंदुस्थानांत आणलीं.

डिसेंटरांनीं निराळी वाट काढली. बॅप्टिस्ट विल्यम कॅरी १७९३ सालीं परवान्यावांचून बंगालमध्यें उतरला, आणि १८०० सालीं डेन्मार्कच्या ताब्यांतील श्रीरामपूर येथें मार्शमन व वॉर्ड यांसह त्यानें ठाणें मांडलें. इंग्रजी निशाणाखालीं आसरा नाहीं म्हणून इंग्रज मिशनरी डेनिश निशाणाखालीं राहिले, ही गोष्ट वर सांगितलेल्या रूढ समजास पुरेसें उत्तर देणारी आहे. गंमत अशी कीं, याच कॅरीस कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली, संस्कृत व मराठी शिकविण्यासाठीं नेमण्यांत आलें. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें सिद्ध झालेलें त्याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं, आणि मोडी ठशांचा उपयोग केलेला मराठी कोश १८१० सालीं श्रीरामपुरास छापला गेला. उपदेशक म्हणून नकोसा आणि भाषाशिक्षक म्हणून हवासा, असें कंपनीचें हें दुहेरी धोरण होतें. दक्षिणेंत तंजावरकडे श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यास कंपनीनें मान दिला, १७७९ सालीं हैदर अल्लीकडे वकील म्हणूनहि पाठविलें. तेव्हां कंपनीचा विरोध धर्मासाठीं नसून राज्याच्या सुरक्षिततेसाठीं होता, हें उघड आहे.

५

ता. १० जुलै १८०६ रोजीं वेल्लोरच्या किल्ल्यांत मद्रासी शिपायांनीं उठाव केला. पागोट्याचा नवा नमुना, कपाळावरील गंध व दाढी यांसंबंधीं निघालेले लष्करी हुकूम हें त्याचें निमित्त. टिपूचे मुलगे त्याच किल्ल्यांत होते, हेंहि एक कारण सांगण्यांत आलें. मद्रासचा गव्हर्नर विल्यम बेंटिंक यास परत बोलावण्यांत आलें. परंतु इंग्लंडांत या प्रकरणास निराळेंच वळण लागलें. शिपायांस बाटविले जाण्याची धास्ती पडली आणि ती मिशनऱ्यांमुळें पडली, असें म्हणत टॉमस ट्वायनिंग यानें १८०७ सालीं, व मेजर स्कॉट वेअरिंग यानें त्याच्या मागोमाग, पुस्तपत्रें प्रसिद्ध केलीं. पुढच्या सालीं 'एडिंबरो रिव्ह्यू' मध्यें सिडनी स्मिथ या स्वतः पाद्री असलेल्या लेखकानें मिशनऱ्यांची निर्दय टवाळी केली; आणि 'हिंदु स्टुअर्ट' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीच्या एका लष्करी अंमलदारानें हिंदूंच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिलें. मिशनच्या बाजूनें बॅप्टिस्ट अँड्र्यू फुलर इत्यादिकांनीं उत्तरें दिलीं.

या वादांत कोर्टाच्या दोन प्रमुख जागा एडवर्ड पॅरी व ग्रँट यांच्या हातीं होत्या. त्यामुळें मिशनऱ्यांस हांकून देण्याची मागणी कोर्टांत तडीस गेली नाहीं. परंतु इकडे कलकत्त्यास लॉर्ड मिंटोच्या सरकारनें १८०७ सालीं श्रीरामपूरच्या छापखान्यांतून निघालेल्या एका फारसी पत्रकावरून मिशनऱ्यांस धारेवर धरलें. सारांश, लंडनच्या कोर्टांतील दोन माणसें अनुकूल असलीं तरी हिंदुस्थानांतील सरकारची दृष्टि पालटत नाहीं. ती पालटावयाची तर पार्लमेंटाचा कायदाच पाहिजे, हें इव्हँजेलिकल पक्षास कळून चुकलें. ब्यूकॅनननें १८०५ सालीं हिंदुस्थानांत चर्चची बिशपसह व्यवस्था असावी म्हणून निबंध लिहिला होता; १८११ सालीं त्याचें आशियांतील ख्रिस्ती संशोधनाविषयींचें पुस्तक निघालें, व त्यांतील जगन्नाथपुरीच्या वर्णनानें इंग्रज वाचकवर्ग हादरून गेला. सनदेच्या लढाईची पूर्वतयारी अशा रीतीनें झाली.

६

सन १८१३ च्या मार्च महिन्यांत लॉर्ड कॅसलरी यानें सनदेविषयींचे ठराव कॉमन्स सभेपुढें मांडले. मुख्य प्रश्न व्यापाराच्या मक्तेदारीचा होता. ग्रँटची स्थिति येथें चमत्कारिक झाली. धर्माच्या बाबतींत तो कंपनीच्या बहुमताविरुद्ध होता. व्यापाराच्या बाबतींत मात्र कंपनीचा मक्ता राहावा म्हणून तो हिरीरीनें भांडत होता. इव्हँजेलिकल म्हणजे खुल्या व्यापाराचा कैवारी, असें सरसकट समीकरण कांहीं लेखक मांडतात. त्यास हें उदाहरण बाध आणतें.

पार्लमेंटाबाहेर अर्जांचा पाऊस पडला. इंग्लंड व स्कॉटलंडांतील शहरें, खेडीं व चर्चें यांजकडून मिशनऱ्यांस मोकळीक द्यावी अशी मागणी करणारे ८०० हून अधिक अर्ज त्या वसंत ऋतूंत पार्लमेंटांत दाखल झाले. सह्या करणारांपैकीं फारच थोड्यांनीं हिंदुस्थान पाहिला होता. पण बहुतेकांस प्रार्थनामंदिरांतील प्रवचनांतून व मिशनच्या मासिक वृत्तांतून त्याची माहिती मिळत होती. हिंदुस्थानच्या कारभारावर इंग्लंडांतील सामान्य जनांनीं एवढ्या मोठ्या संख्येनें मत देण्याचा हा पहिलाच प्रसंग.

दुसरी बाजू साक्षीदारांनीं मांडली. ऐंशी वर्षांचा वॉरन हेस्टिंग्ज साक्षीस आला, तेव्हां एकेकाळीं ज्या सभेनें त्याच्यावर खटला भरला होता, तिचे सभासद टोप्या काढून उभे राहिले. मिशनऱ्यांस सरकारी पाठबळ मिळाल्यास राज्यास धोका आहे, असा सर जॉन मालकम याच्या सांगण्याचा रोंख होता. टॉमस मन्रो यानें हिंदूंची शेती, कारागिरी, गांवोगांवच्या शाळा, आतिथ्य व स्त्रियांविषयींचा आदर यांचा दाखला देऊन, सुधारणा ही जर दोन देशांतील व्यापाराची जिन्नस ठरली तर आयातीनें इंग्लंडाचाच फायदा होईल, अशा अर्थाचें उत्तर दिलें. उलट टेनमाउथ यानें मिशनऱ्यांपासून धोका नाहीं असें सांगितलें.

ता. २२ जून रोजीं विल्बरफोर्सनें सुमारें तीन तास भाषण केलें. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं जमविलेली सतीची माहिती, ग्रँटचा प्रबंध व ब्यूकॅननचें पुस्तक हें त्याचें मुख्य भांडवल. हिंदुधर्माविषयीं त्यानें काढलेले उद्गार अत्यंत कठोर व एकांगी आहेत, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. ठरावास ८९ विरुद्ध ३६ मतें पडलीं. पुढें जुलैमध्यें मद्रासेस वकिली केलेल्या चार्लस मार्श यानें हिंदूंच्या बाजूनें प्रखर भाषण केलें; परंतु निकाल फिरला नाहीं. त्या वेळीं कॉमन्स सभेचे सभासद ६५८ होते. त्यांपैकीं सवाशांनींच २२ जूनला मत दिलें. म्हणजे ज्या निर्णयानें कोट्यवधि लोकांच्या जीवनांत ढवळाढवळ होणार होती, त्याकडे बहुसंख्य सभासदांनीं पाठ फिरविली होती. सभागृहांतील एक संघटित अल्पसंख्य गट व बाहेरील अर्जांचा रेटा, या दोहोंनीं मिळून काम साधलें.

७

ता. २१ जुलै १८१३ रोजीं सनदेस राजाची संमति मिळाली. तिचें ३३ वें कलम बारकाईनें वाचण्याजोगें आहे. हिंदुस्थानांतील प्रजेचें हित व सुख साधणें हें या देशाचें कर्तव्य असून, तिच्यांत उपयुक्त ज्ञान व धार्मिक-नैतिक सुधारणा यांचा प्रवेश होईल असे उपाय योजावे; त्या परोपकारी हेतूनें जाऊं इच्छिणाऱ्या माणसांस कायद्यानें सोय करून द्यावी; मात्र स्थानिक सरकारचा अधिकार कायम राहावा, आणि स्वधर्माचरणाच्या ज्या मोकळिकीवर तद्देशीय लोक आजवर भरंवसा ठेवीत आले, तें तत्त्व अभंग राखावें, असा त्याचा आशय आहे. 'मिशनरी' हा शब्द येथें नाहीं. डायरेक्टरांनीं परवाना नाकारल्यास बोर्ड ऑफ कंट्रोलकडे दाद मागण्याची तरतूद झाली, व मिशनऱ्यास जें खरें यश मिळालें तें हेंच. सरकारनें मिशन चालवावें हा ग्रँटचा १७८७ चा मूळ हेतु मात्र पूर्ण सुटला. पूर्वार्धानें दार उघडलें आणि उत्तरार्धानें उंबरठ्यावर पहारा बसविला.

त्याच कायद्यानें कलकत्त्यास एक बिशप व तीन आर्चडीकन यांची नेमणूक केली. प्रसिद्ध ४३ वें कलम, म्हणजे विद्येच्या पुनरुज्जीवनासाठीं व विद्वानांच्या उत्तेजनासाठीं सालिना एक लक्ष रुपये, तें मात्र इव्हँजेलिकलांचें नव्हे. कलकत्त्याचा माजी अॅडव्होकेट-जनरल रॉबर्ट पर्सी स्मिथ यानें तें घालविलें. हा स्मिथ म्हणजे मिशनऱ्यांची टवाळी करणाऱ्या सिडनीचा सख्खा भाऊ. या रकमेचा पद्धतशीर विनियोग १८२३ सालीं कलकत्त्यास शिक्षणकमिटी नेमली जाईपर्यंत झाला नाहीं. आणि १८३५ सालीं झॅकरी मॅकॉलेच्या मुलानें, टॉमस बॅबिंग्टन यानें, आपल्या प्रसिद्ध टिपणांत त्याच कलमाचा अर्थ इंग्रजी शिक्षणाच्या बाजूनें लावला. मुलगा बापाच्या श्रद्धेचा राहिला नव्हता. परंतु इंग्रजी विद्येविषयींचें जें मत ग्रँटनें १७९२ सालीं मांडलें होतें, तें त्याच्या लेखणींतून धर्मोपदेश वगळून पुन्हा प्रकट झालें.

८

आतां मुंबईकडे वळूं. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१२ सालीं कलकत्त्यास उतरले. त्यांस निघून जाण्याचा हुकूम झाला. इंग्लंड व अमेरिका यांच्यांत त्याच सालीं युद्ध जुंपल्यानें ते दुहेरी संशयास पात्र झाले. त्यांनीं मुंबई गांठली, ती फेब्रुवारी १८१३ मध्यें, म्हणजे सनद मंजूर होण्यापूर्वीं पांच महिने. त्यांस इंग्लंडास रवाना करावें, अशी कलकत्त्याची आज्ञा मुंबईस आली. गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः बायबल सोसायटीच्या पुढाऱ्यांपैकीं. त्यानें शक्य तितकी चालढकल केली. मध्यंतरीं ते दोघे गुपचूप कोचीनकडे निघून गेले, तेव्हां त्यांस परत आणविण्यांत आलें. हॉलनें गव्हर्नरास सदसद्विवेकबुद्धीच्या आधारावर विनंतिपत्रें लिहिलीं. अखेर त्यांची रवानगी तहकूब झाली. आणि लंडनच्या कोर्टांत त्यांस काढून लावण्याचा घाट घातला गेला, तेव्हां ग्रँटनें लेखी प्रतिवाद करून तो हाणून पाडला. मराठी मिशनचा पाया अशा रीतीनें एका सरकारच्या हुकुमाविरुद्ध व त्याच सरकारांतील दोन माणसांच्या सहानुभूतीवर घातला गेला.

पुढील हकीकत महाराष्ट्रास परिचित आहे. सन १८१७ च्या सुमारास अमेरिकन मिशनचा मुंबईंतील छापखाना चालूं झाला. १८२६ सालीं संपूर्ण मराठी नवा करार निघाला. त्याच सालीं मार्चमध्यें नाशिककडील प्रवासांत हॉल पटकीनें वारला. याच छापखान्यांत काम केलेल्या गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःचा छापखाना काढून १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें. बायबलासाठीं आलेल्या कलेचा पहिला मोठा एतद्देशीय उपयोग पंचांगासाठीं व्हावा, हें विल्बरफोर्सच्या स्वप्नींहि नसेल. सनदेनें नेमलेल्या आर्चडीकनांपैकीं मुंबईचा जॉर्ज बार्न्स यानें १८१५ सालीं बाँबे एज्युकेशन सोसायटी स्थापिली. तिच्याच शाखेंतून पुढें १८२२ सालीं एतद्देशीयांच्या शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं स्वतंत्र मंडळी निघाली. तीस एल्फिन्स्टनचा आश्रय होता, आणि धर्मोपदेश तिच्या कक्षेबाहेर ठेवला होता.

एल्फिन्स्टनच्या धोरणांत सनदेच्या उत्तरार्धाचा पहारा दिसतो. पेशवाई बुडवितांना त्यानें ता. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं साताऱ्यास जो जाहीरनामा काढला, त्यांत वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानें चालविण्याचें आणि धर्म व चालीरीति राखण्याचें वचन होतें. सन १८२१ मध्यें पुण्यास जी संस्कृत पाठशाळा निघाली, ती दक्षिणेच्या रकमेंतून. लंडनास 'धार्मिक सुधारणा' हे शब्द कायद्यांत घालून दहा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं, तोंच पुण्यास तेंच सरकार वेदशास्त्राच्या पठणास पैसा पुरवीत होतें. यांत विसंगति नाहीं. एकाच कलमाच्या दोन अर्धांचा तो वेगवेगळा अंमल आहे.

९

पुढच्या पिढींत हा पक्ष अधिकारावर चढला. ग्रँटचा वडील मुलगा चार्लस, पुढें लॉर्ड ग्लेनेल्ग, हा १८३३ च्या सनदेच्या वेळीं बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता. त्या सनदेनें परवान्याची अट बहुतांशीं रद्द झाली आणि मुंबईस स्वतंत्र बिशप मिळाला. तिच्याच ८७ व्या कलमानें धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळें कोणीहि हिंदी मनुष्य सरकारी नोकरीस अपात्र ठरणार नाहीं, असें ठरलें. व राष्ट्रीय सभेच्या पुढाऱ्यांनीं पुढें त्याच कलमाचा पुनःपुन्हा आधार घेतला. फेब्रुवारी १८३३ च्या खलित्यानें यात्राकर बंद करण्याचा व देवस्थानांच्या कारभारांतून सरकारी हात काढून घेण्याचा हुकूम झाला. त्याची अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून मद्रासचा सेनापति सर पेरेग्रिन मेटलंड यानें १८३८ सालीं राजीनामा दिला. आणि १८४० च्या १० व्या अॅक्टानें प्रयाग, गया व पुरी येथील यात्राकर उठला. येथें पक्षाची भूमिका उलटी झालेली दिसते. सन १७९३ त सरकारनें धर्मांत पडावें म्हणून भांडणारे आतां सरकारनें धर्मांतून बाहेर पडावें म्हणून भांडत होते.

दुसरा मुलगा सर रॉबर्ट ग्रँट हा १८३५ सालीं मुंबईचा गव्हर्नर झाला व ता. ९ जुलै १८३८ रोजीं पुण्याजवळ दापोडी येथें वारला. ग्रँट रोड व ग्रँट मेडिकल कॉलेज यांस त्याचें नांव दिलेलें आहे. यानेंच १८३० सालीं इंग्लंडांतील यहुद्यांवरील राजकीय निर्बंध उठविण्याचें बिल पार्लमेंटांत आणलें होतें. परधर्मीयांस ख्रिस्ती करण्याची तळमळ व त्यांस नागरिकत्वाचे हक्क देण्याची तळमळ या दोन्ही एकाच घराण्यांत, एकाच श्रद्धेंतून निघाल्या, हें ध्यानांत घेतल्यावांचून या पक्षाचें यथार्थ मूल्यमापन होणार नाहीं.

१०

या सर्व विवेचनाचा संशोधकास उपयोग काय? पहिला हा कीं, १८१३ च्या वेळच्या साक्षी प्रमाण म्हणून वापरतांना साक्षीदार कोठें राहिला होता आणि त्यास प्रश्न कोणता विचारला होता, हें आधीं पाहिलें पाहिजे. ग्रँटचा प्रबंध हा दुष्काळानें व कंपनीच्याच अव्यवस्थेनें गांजलेल्या बंगालविषयीं आहे. मराठी मुलखाचें चित्र म्हणून तो उद्धृत करणें चुकीचें. मन्रोचें प्रसिद्ध उत्तर व्यापारासंबंधींच्या चौकशींत दिलेलें आहे, व तेंहि मद्रास इलाख्याच्या अनुभवावर. एक निंदा म्हणून टाकावयाचा व दुसरा स्तुति म्हणून डोक्यावर घ्यावयाचा, ही रीत शास्त्रीय नव्हे. दुसरा हा कीं, सरकार, मिशन व पार्लमेंटांतील पक्ष हीं तीन निरनिराळीं खातीं आहेत. कोणताहि कागद हातीं आला असतां तो कोणत्या खात्यांतील, हें ठरविल्यावरच त्याचा अर्थ लावावा.

हा सर्व वाद ज्यांच्याविषयीं झाला, त्यांपैकीं एकाचीहि साक्ष १८१३ सालीं पार्लमेंटापुढें झाली नाहीं. मराठी बोलणाऱ्या समाजाचें उत्तर पुढें छापील रूपानें आलें. १८३१ सालीं मोरभट दांडेकरांनीं जॉन विल्सनशीं केलेला वाद व त्यांतून निघालेलें 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हें त्याचें ठळक उदाहरण. परंतु छापील ग्रंथापूर्वींचें उत्तर मोडी पत्रांत, शाळांच्या हिशेबांत, पंडितांच्या नेमणुकींच्या यादींत व मिशनच्या शाळेंत मुलें धाडावीं कीं नाहीं याविषयींच्या घरगुती कागदांत शोधावें लागेल. ज्या संग्राहकांपाशीं सन १८१३ ते १८३१ या दरम्यानचीं अशीं दप्तरें आहेत, त्यांनीं तीं सनदापत्रांइतक्याच काळजीनें जपावीं व त्यांच्या याद्या मंडळाकडे धाडाव्या. पार्लमेंटानें एक बाजू दोनशें वर्षांपूर्वींच छापून ठेविली आहे. दुसरी बाजू अजून रुमालांत बांधलेली आहे.